‘आमच्या वेळी’च्या हजेरीपटावर कोण नाही?

दहावी ‘ब’च्या आमच्या ग्रुपवर परवा तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. तुमच्याही फोनमध्ये असणार. त्याचा सारांश असा: आमच्या वेळी डिप्रेशन नावाचा आजार नव्हता. मास्तरांनी बडवलं, घरी सांगितलं तर वडलांनी आणखी दोन ठेवून दिल्या, तरी कुणी जिवाचं बरंवाईट केलं नाही. आता सगळे पास होतात तरी पोरांना टेन्शन. मोबाईलनं वाटोळं केलं. मुलं दहा वाजेपर्यंत लोळतात, मुली जिना चढून दमतात. आणि वर शाळेत समुपदेशक पाहिजेत, म्हणजे डोक्यात नसलेलं खूळ भरायला! शेवटी हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. खाली चौदा अंगठे.

मी बावीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अंगठा दिला नाही, पण तिथे भांडलेही नाही, कारण ज्यानं पाठवला तो माणूस चांगला आहे आणि दर दिवाळीला घरचा चिवडा आणून देतो. इथे मात्र त्याचं एकेक वाक्य घेते.

‘आमच्या वेळी हे नव्हतं.’

आधी आमच्या ग्रुपचाच हिशेब. १९९१ साली आमच्या तुकडीच्या हजेरीपटावर ६१ नावं होती. ग्रुपमध्ये ३४ आहेत. उरलेल्या २७ पैकी काहींचे नंबर मिळाले नाहीत, काही नको म्हणाले. पण दहावीला नापास होऊन शाळा सुटलेले जवळजवळ सगळे त्या २७ मध्येच आहेत. आठवीच्या मेमध्ये लग्न लागलेल्या दोघी तर त्या ६१ मध्येही नाहीत, त्यांची नावं आधीच पटावरून कमी झाली होती. ‘आम्ही घडलो’ म्हणणारे तेवढे ग्रुपवर आहेत. जे घडले नाहीत त्यांना विचारायला आपल्याकडे नंबरच नाही.

आणि आम्ही नववीत असताना ‘क’मधली एक मुलगी सहामाहीनंतर शाळेत आली नाही. पाय घसरला, असं आम्हाला सांगितलं. तिचा विषय निघाला की मोठी माणसं आवाज उतरवायची. हे ग्रुपमधल्या चौदा अंगठेवाल्यांपैकी निदान सहा जणांना आठवत असणार, कारण ते तिच्याच आळीत राहायचे.

एका गावाच्या आठवणीवर विसंबू नका. मोजलेलं हवं असेल तर तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या कणियम्बाडी भागात चला. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची माणसं गावोगाव प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवत आणि तो कशानं झाला हे घरच्यांशी बोलून ठरवत. १९९२ ते २००१ या दहा वर्षांत १० ते १९ वयाची जी मुलं गेली, त्यांचा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलींमध्ये आत्महत्येचं प्रमाण वर्षाला लाखामागे १४८ आणि मुलांमध्ये ५८. त्या वयात गेलेल्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त अशा गेल्या होत्या. हा सगळा ग्रामीण भाग. कुणाच्या हातात स्मार्टफोन नाही. मेसेजमध्ये जो काळ सोन्याचा म्हणून रंगवला आहे, नेमका तोच.

मग हे आपल्याला दिसलं कसं नाही? आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. घरात पोलीस येणार, गावात बोभाटा होणार, धाकटीचं लग्न अडणार. अशा वेळी खरं कारण लिहून कोण देईल? पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं ठरवलं. त्याला शिक्षा नको, उपचार द्या म्हटलं. तोवर घरोघरी पाय घसरतच राहिले.

आता आजचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०१२ साली ६,६५४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे, २०२२ साली १३,०४४. यात कॉलेजची मुलंही आली. २०२२ मध्ये सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातली. तेव्हा आज काही बिघडलेलं नाही असं मी म्हणत नाही. आज बिघडलं आहे, आणि तेव्हाही आलबेल नव्हतं, एवढंच म्हणते.

उलट टोकाच्या लोकांशीही माझं जमत नाही. ‘अख्खी पिढी मनोरुग्ण’ असं म्हणणारेही मेसेज फिरतात. गोव्यात १२ ते १६ वयाच्या दोन हजारांवर मुलांची तपासणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. निदान करता येईल असा मानसिक आजार शंभरात दोघांनाही नव्हता, आणि अडचणीत घरच्यांचा आधार मिळणाऱ्या मुलांत तर आणखी कमी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात हेच प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे साठांच्या वर्गात एक ते चार-पाच जण. बाकीच्यांना होतो तो ताण, रुसवा, प्रेमभंग, गणिताची धास्ती. ते आजार नव्हेत. पण ते चार-पाच कोण, हे मागच्या बाकावर बघून ओळखता येत नाही. माझ्या अनुभवात त्यातली एक तरी पहिल्या बाकावर, वही कव्हर घातलेली, अक्षर मोत्यासारखं.

‘मास्तरांनी मारलं म्हणून आम्ही सुधारलो.’

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. एवढ्या बडवण्यानं देश सुधारायचा तर एव्हाना आपल्याला सिग्नलवर हवालदार लागायला नको होता. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, हे आता शिपायालाही माहीत आहे.

पण कायद्याआधी माझंच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी गृहपाठ न आणणाऱ्या एका मुलाला चारदा पट्टी मारली. पाचव्यांदा मारावी लागली नाही. तो सुधारला असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगितलंही. मार्चमध्ये हजेरीची बेरीज करताना लक्षात आलं की तो गुरुवारी येतच नव्हता. गुरुवारी माझे जोडतास होते.

‘आता सगळे पास, मग टेन्शन कसलं?’

मला हे वाक्य सगळ्यात उलटं वाटतं. आमच्या तुकडीत २३ जण नापास झाले होते. निकालाच्या दिवशी ते घोळक्यानं नदीवर गेले. २०२४ ला राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. आता साठांच्या वर्गात नापास होणारे दोघं-तिघं, आणि त्यांना नदीवर जायला सोबत नाही. ज्याला ७२ टक्के पडले तोही पेढे वाटायला लाजतो. २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते, वर्ष वाचतं, ही खरोखर चांगली सोय झाली. पण निकालाच्या दुपारी घरात हे कुणी सांगत नाही.

‘मोबाईलनं वाटोळं केलं.’

कणियम्बाडीचा आकडा वर दिलाच आहे. तरी या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे: फोन झोप खातो. रात्री एक वाजता पांघरुणात उजेड असेल तर सकाळी प्रार्थनेला चक्कर येणारच. मुलांच्या हातून फोन काढताना आपलाही बाहेर चार्जिंगला लावायचा असतो, हा भाग मेसेजमध्ये राहून गेला.

‘मुलं लोळतात, मुली दमतात.’

१३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच मागे पडतं आणि झोप उशिरा येऊ लागते. फोन नसला तरीही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळा सकाळी नऊच्या आधी न भरवायचं ठरवलं, पण चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडलं आहे ती नववीची पोरं सकाळच्या सत्रात, पावणेसातच्या एसटीला लोंबकळत.

मुलींचं दमणं तर रक्तात मोजता येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलेल्या मुलीला ‘आळशी’ म्हणणं म्हणजे पंक्चर सायकलला आळशी म्हणणं. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फोलिक आम्लाची. ती जेवल्यावर घ्यायची, वर चहा प्यायचा नाही. पण वाटणारे सकाळी परिपाठाला वाटतात, मुली उपाशीपोटी गिळतात, एकीला मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात वर्गाच्या खिडकीखाली निळ्या गोळ्यांचा सडा पडतो. मी स्वतः झाडून काढला आहे. तेव्हापासून आमच्याकडे मधल्या सुट्टीत, डबा खाल्ल्यावर.

‘समुपदेशक कशाला? पूर्वी मास्तरच बघायचे. असलं बोललं की मुलांच्या डोक्यात भरतं.’

हे दोन वेगळे दावे आहेत. ‘मास्तर बघायचे’ याची परीक्षा बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झाली. ७४ सरकारी माध्यमिक शाळा. काहींत गावातल्याच पदवीधरांना थोडं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमलं, काहींत तेच काम तिथल्या शिक्षकाकडे दिलं, काहींत नेहमीचंच चालू ठेवलं. कामही साधं: मन मोकळं करायची पेटी, भित्तिपत्रक, दादागिरीवर सभा, लागेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं. २०१८ साली निष्कर्ष आले. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मारामाऱ्या, छळ आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक जवळजवळ शून्य.

शिक्षिका म्हणून मला हे झोंबलं, पण पटलं. प्रात्यक्षिकाचे वीस गुण माझ्या हातात असताना कुठली मुलगी मला सांगेल की दुपारी घरी काका येतो म्हणून ती ग्रंथालयात बसते?

राहिलं ‘डोक्यात भरतं’. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत २,३४२ मुलांवर हे तपासलं गेलं, २००५ साली प्रसिद्ध झालं. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना नाही. विचारल्यानं कुणाच्या मनात तो विचार वाढला नाही. ज्यांना आधीच नैराश्य होतं त्यांची बेचैनी उलट थोडी कमी दिसली. कुणीतरी विचारलं, एवढ्यानं.

‘पटलं तर पुढे पाठवा.’

मी पुढे पाठवला नाही. त्याच्या खाली दोन नंबर टाकले. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि मुलांसाठी १०९८. त्यावर एकही अंगठा आला नाही. रात्री साडेअकराला ज्यानं मेसेज टाकला होता त्याचाच वेगळा निरोप आला: फोन मुलीनंच करायचा असतो का, की बापानं केला तरी चालतो?

चालतो, म्हणून कळवलं.