'आपल्या गावात असलं काही नव्हतं' : एका फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, बचत गटाच्या ग्रुपवर आला, धान खरेदीचे भाव टाकतात त्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा : तृतीयपंथी, ट्रान्सजेंडर हे सगळं परदेशी खूळ आहे, मोबाईलमधून खेड्यात शिरलं. आपल्या बापजाद्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं. यांच्या टोळ्या पोरं पळवतात, दिसले की धरून ठेवा. पोरगं बायकी वागत असेल तर वेळीच इलाज करा, लग्न लावून द्या, सुधारते. सरकार यांना फुकट पोसते, उद्या आपल्या पोरांच्या नोकऱ्या हेच खातील. शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'.

मी तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. मेसेज पाठवणारे बहुतेक माझे गिऱ्हाईक आहेत, काही नात्यातले. त्यांनी तो वाईट बुद्धीनं पाठवला असं मला वाटत नाही. पण त्यातलं एकही वाक्य धड उभं राहत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

"बापजाद्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं."

दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दुकानं, पाळणे, आणि रात्री दंडार नाहीतर खडीगंमत ही लोकनाट्यं. दोन्हींत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा. खडीगंमतीतला नाच्या लुगडं नेसून, चाळ बांधून शाहिरापुढे आला की माणसं शिट्या मारायची आणि मागे बसलेल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणायच्या, "पाय वं, पदर कसा सावरते!" झाडीपट्टी रंगभूमी याच दंडारीच्या मातीत वाढली. तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा याच ग्रुपांवर अभिनंदनाचे फलक फिरले होते.

इथे घोळ नको. नाच्या म्हणजे तृतीयपंथी नव्हे. बहुतेक नाचे बायकापोरं आणि धानाची बांधी, म्हणजे शेत, असलेले गृहस्थच. रात्री सोंग, सकाळी नांगर. पण दोन-चार गावांमागे एखादा असा असायचाच, ज्याचं ते सोंग नसायचं, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक असायचं. त्याला भाकर मिळायची, टोमणेही मिळायचे. लग्नाच्या पंगतीत तो शेवटच्या पानावर. आपल्या आजीला विचारून बघा, ती नावानिशी सांगेल.

पश्चिम विदर्भात तर याहून जुनी गोष्ट आहे. कीचकाच्या दरीवरून चिखलदरा हे नाव पडलं, कीचकाला मारून भीमानं हात धुतले ते भीमकुंड, आणि जवळचं वैराट म्हणजे विराट राजाचं ठिकाण, असं तिथे सांगतात. शाळेच्या सहली ही गोष्ट ऐकून परत येतात. त्याच राजाच्या वाड्यात त्याच वर्षी अर्जुन बृहन्नडा नावाचा तृतीयपंथी होऊन राजकन्या उत्तरेला नाच शिकवत होता. तिथला गाईड भीमापाशीच थांबतो, त्याला कोण काय करणार!

परदेशातून काय आलं तेही कागदोपत्री आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या नोंदणीचा कायदा केला आणि त्यातच हिजड्यांच्या नोंदवहीची तरतूद केली. नोंद झालेला माणूस बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसला किंवा चारचौघांत नाचला तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. फासेपारध्यांवर बसलेला शिक्का आणि हा शिक्का एकाच कायद्यातून निघाले. विदर्भात हे पटायला फार पुस्तकं वाचावी लागत नाहीत. पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, चोरीच्या नुसत्या संशयावरून आजही पोलिसांची गाडी जाते.

राहिला मोबाईल. 2011 च्या जनगणनेत देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 लोकांची नोंद स्त्री किंवा पुरुष नव्हे, 'इतर' अशी झाली. 2011 मध्ये आमच्याकडे रेंज मिळावी म्हणून लोक पाण्याच्या टाकीवर चढायचे. तेव्हा कोणत्या रीलमुळे ही माणसं बिघडली असतील?

"टोळ्या पोरं पळवतात, दिसले की धरून ठेवा."

या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, आणि याला उत्तरही सगळ्यात छोटं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याआधी मे महिन्यात हैदराबादेत अशाच अफवेवरून एका तृतीयपंथी भिक्षेकऱ्याला जमावानं मारलं होतं. व्हॉट्सॲपवर एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल ही मर्यादा भारतात त्याच जुलैमध्ये आली. 'दिसले की धरून ठेवा' हे पाच ग्रुपांवर पाठवणाऱ्यानं ती मर्यादा का आली ते लक्षात घ्यावं.

तृतीयपंथी गुरूच्या घरी पोरं येतात कुठून, हा प्रश्न मात्र रास्त आहे. रेल्वेत टाळी वाजवत येणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी माझं बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांनी घर सोडलं ते नववी-दहावीच्या सुमारास. आणि घराबाहेर काढणारा कोण, तर बाप नाहीतर मोठा भाऊ. 2019 च्या केंद्रीय कायद्यात मुद्दाम लिहावं लागलं की केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आईबापांपासून वेगळं करता येणार नाही आणि त्याला आपल्या घरात राहायचा हक्क आहे. असलं कलम उगाच कोणी लिहीत नाही.

"वेळीच इलाज करा, लग्न लावून द्या, सुधारते."

आधी इलाजाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं तृतीयपंथी असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढली, आणि ती सुधारलेली यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलं की कुणाची लैंगिक ओळख 'बदलून' देण्याचे उपचार हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे नागपुरात कुणी पाटी लावून 'बरं करून देतो' म्हणत असेल तर चौकशी त्याचीच व्हायला हवी. गावात मात्र डॉक्टरच्या आधी भगत येतो. मिरचीची धुरी, साखळी, लिंबाच्या फोकाचे फटके. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे सगळं करणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, मग ते बापानं स्वतः करवून घेतलेलं का असेना.

आता लग्न. या सल्ल्यात मुलीचा विचार कुणीच केलेला नसतो. लांबच्या तालुक्यातली, गरिबाघरची, शक्यतो बाप नसलेली पोरगी बघतात, कारण तिच्याकडचे फार चौकशी करणार नाहीत. हळद लागते, वरात निघते, सगळं रीतसर. पहिल्या पोळ्याला माहेरी आलेली पोरगी काही बोलत नाही. दोन वर्षांनी सासू विचारते, पाळणा काऊन हालत नाही? नवरा कुठे आहे, कसा आहे, हे कुणी विचारत नाही. दर्ग्यापासून देवीपर्यंत सगळे नवस तिच्याकडून फेडून घेतात. शेवटी फारकतीचा कागद करायला दोन्हीकडची माणसं येतात, आणि त्या कागदाच्या झेरॉक्स काढायला माझ्या दुकानात. 'आपसात पटत नसल्याने' एवढंच त्यात असतं. दोन जन्म मातीत जातात आणि ज्यांनी 'सुधारते' म्हणून अक्षता टाकल्या ते पुढच्या लग्नाला जेवत असतात.

शिवाय 'बायकी वागणं' म्हणजे नेमकं काय? रांगोळी काढणारा, आईला भाकरी थापू लागणारा प्रत्येक पोरगा तृतीयपंथी नसतो. त्यातले बरेचसे मोठे होऊन साधे नवरे होतात, आणि बरे नवरे होतात. तसंच वखराला हात लावणारी बाई पुरुष होत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडे नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर कितीतरी बायांनी वखर धरला, बँकेचे हप्ते फेडले, बाजार समितीत कापूस नेऊन घातला. बाईनं औत धरलं की पाऊस जातो म्हणणारे तेव्हा कुठे गेले होते कोण जाणे. कपडे आणि कामं वेळ पडली की बदलतात. माणूस आतून स्वतःला काय मानतो ते मारून, नवस करून किंवा बोहल्यावर चढवून बदलत नाही.

"सरकार फुकट पोसते, नोकऱ्या हेच खातील."

इथे मी टेबलाच्या या बाजूचा माणूस आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या निकालात तृतीयपंथीयांना मागास मानून आरक्षण द्या असं सांगितलं होतं. 2019 चा कायदा झाला त्यात आरक्षणाचं एकही कलम नाही. पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी पर्याय द्यायला राज्य सरकार तयार झालं ते 2022 च्या डिसेंबरात, उच्च न्यायालयानं खडसावल्यावर. ही सोयसुद्धा नुसता अर्ज भरण्याची, धावायचं सगळ्यांसारखंच. योजना आहेत, आरोग्य विमा आहे, पण या योजनांचं दार जिल्हाधिकाऱ्यांच्या ओळख-दाखल्यातूनच आहे.

आणि तो दाखला काढायला रांग लागली आहे असं कुणाला वाटत असेल तर एकीचं सांगतो. बाजाराच्या दिवशी आली, गर्दी ओसरेपर्यंत समोरच्या पानठेल्याशी उभी राहिली. मग आत येऊन हळूच विचारलं, "दादा, फोटो साडीतला चालते का?" चालतो. पोर्टलवर जुनं नाव, नवं नाव, शपथपत्र. 2020 च्या नियमांप्रमाणे अंगाची तपासणी करायची नव्हती, शपथपत्र पुरेसं होतं. पण ते करायला गेली तिथल्या माणसानं मान वाकडी करून "खरंच का?" विचारलं आणि बाकावरचे चौघे हसले. ती तशीच परत आली, आम्ही दुसरीकडून केलं. दाखला मिळाला. मग आधार, मग बँकेचं पासबुक. शाळेच्या टी.सी.वर अजून जुनंच नाव आहे. इथे 'रामकृष्ण' आणि 'रामक्रिष्ण' यांच्यातल्या फरकापायी शेतकऱ्याचं अनुदान सहा महिने अडकतं, तर हिचं काय होत असेल! 2011 मध्ये राज्यात ज्यांची संख्या चाळीस हजारांवर होती, त्यांतले 2024 च्या विधानसभेच्या मतदार यादीत सहा हजारांच्या आसपासच दिसले. फायदे लाटायला आलेली माणसं कागदापासून इतकी लांब राहत नाहीत.

दुकानात, गाडीत जबरदस्तीनं पैसे मागतात ही तक्रार खरी आहे. माझ्याही दुकानात वाद झाले आहेत. ज्यानं दमदाटी केली त्याच्यावर तक्रार करा, कायदा त्याला आहे. पण त्यांनीच परत दिलेलं नाणं बरकतीचं म्हणून गल्ल्यात जपून ठेवणारा व्यापारी त्यांना दुकानात झाडू मारायला तरी ठेवेल का, हेही विचारावं लागेल. जिथे संधी मिळाली तिथलं चित्र वेगळं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये 2021 साली अंजली पाटील यांचा अर्ज महिला जागेवरून बाद झाला, तेव्हा त्या उच्च न्यायालयात गेल्या, अर्ज मंजूर करून घेतला आणि निवडूनही आल्या. दोन्ही खेडी आहेत, मुंबई नव्हे.

साडीतला फोटो लावलेली ती गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, गेली होती. बांधीवर पहिल्याच दिवशी प्रश्न पडला की हिला रोजी कोणती द्यायची. मालक म्हणाला, पऱ्हे (धानाची रोपं) उपटायचे, पेंढ्या वाहायच्या तर माणसाची रोजी, आणि बायांच्या ओळीत रोवायचं तर बाईची. बाईची रोजी कमी, हे सांगायला नको. ती ओळीत उतरली. दोघीतिघी कुरकुरल्या, तर टोळीची म्हातारी खेकसली, "चिखलात वाकते तं आपल्यासारखीच नं, मंग? चाला, हात चालवा." रोवणी संपेपर्यंत ती त्याच ओळीत होती, बाईच्याच रोजीवर. मालकाला रोजचे जे पैसे वाचले ते वाचलेच.