चूल, मूल आणि ‘राष्ट्रीय साहित्य’

परवा रात्री साडेदहाला फोंड्याहून भाचीचा मेसेज आला, “मावशे, हें खरें?” खाली एक फॉरवर्ड, मथळा ‘कटू पण सत्य’. महिला दिनाला कॉलेजात तिला एका लेखिकेच्या पुस्तकावर बोलायचंय. हे वाचून पोरगी विचारते, विषय बदलू का? हाच फॉरवर्ड आधी तीन ग्रुपांवर येऊन गेला होता, तेव्हा मी न वाचता सोडला. आता सोडत नाही.

त्यातलं म्हणणं असं: मराठीत बायका लिहू लागल्या त्या स्वातंत्र्यानंतर. लिहिलं ते चूल, मूल आणि सासू; देश नाही, राजकारण नाही, म्हणून ते ‘राष्ट्रीय साहित्य’ नव्हे. मराठीत एकाही बाईला ज्ञानपीठ नाही, यातच सगळं आलं. आणि गोव्यात तर लेखिकाच नाहीत, आहेत ती फक्त फुगडी आणि धालो (बायकांची रात्रीची नाचगाणी).

पहिल्यावर वेळ घालवत नाही. महदंबा या कवयित्रीचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, तेराव्या शतकातले, सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४ चं. पुढे चला.

दुसरा मुद्दा मात्र डोक्यात जातो. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. पण तेवढ्या निमित्तावर वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांचं चारित्र्य काढलं. त्या काळचे फॉरवर्डच ते! बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं टाळकं सरकलं आणि १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. बायको मेली की पुरुषानं दुसरी करायची, मग नवरा मेला की बाईनंच का कोपऱ्यात बसायचं, हा त्यांचा रोखठोक सवाल. कोर्ट, वर्तमानपत्र, धर्मशास्त्र, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. लोक त्यांच्यावर तुटून पडले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात पाठराखण केली. याला चूल-मूल म्हणणाऱ्यानं ते पुस्तक उघडलेलं नाही, एवढं मी पैजेवर सांगते. मालतीबाई बेडेकरांची ‘बळी’ ही कादंबरी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवरची आहे. दुर्गाबाई भागवत १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. आणखी किती राजकारण हवंय?

आणि चूल असली म्हणून काय झालं? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळंओवळं आहेच. ते सोवळं त्यांच्या हातून हळूहळू कसं सुटत गेलं, ते वाचा. जातिभेद राहतो कुठे? चुलीपाशीच ना?

ज्ञानपीठाचं मात्र खरं आहे. खांडेकर, शिरवाडकर, करंदीकर, नेमाडे, चौघेही पुरुष. मलाही ते टोचतं. पण ज्ञानपीठ मिळालेली देशातली पहिली बाई कोण? १९७६ मध्ये आशापूर्णा देवी, ‘प्रथम प्रतिश्रुती’ या बंगाली कादंबरीसाठी. कादंबरी कशावर? लहानपणी लग्न झालेल्या मुलीच्या संसारावर! म्हणजे घरातलं लिहिलं तर राष्ट्रीय नाही आणि ज्ञानपीठ मिळालं तर राष्ट्रीय. महाशयांनी आधी आपले दोन मुद्दे एकमेकांशी भांडताहेत ते सोडवावेत.

गोव्यात लेखिका नाहीत म्हणे. मीना काकोडकर, हेमा नायक, जयंती नाईक, तिघींनाही साहित्य अकादमी मिळालीय. कोकणीत लिहिलं म्हणून मोजायच्या नाहीत का? (कोकणी-मराठीचा वाद मला इथं उकरायचा नाही.) मराठीत लिहिणाऱ्या गोमंतकीय बायकांची नावं आपल्याला पटकन आठवत नाहीत, हे कबूल, ती खोट आपल्या वाचनाची. आणि ‘फक्त धालो’ म्हणणाऱ्यानं पौषातल्या एका रात्री मांडाजवळ, म्हणजे धालो खेळतात त्या जागेपाशी, उभं राहावं, आणि बायका कागदाविना किती गाणी म्हणतात ते मोजावं.

भाचीनं विषय बदललाच. ‘स्मृतिचित्रे’ बाजूला ठेवून ताराबाई घेतल्या. पुस्तक पातळ आहे, तीन दिवसांत होतं, हे तिचं कारण.