खुलासा: महायुद्ध फक्त एका गोळीने पेटलं नाही

नागपुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'सारायेव्होत युवराजावर गोळी झाडली नसती, तर पहिलं महायुद्ध झालंच नसतं.' हे अर्धवट आहे. बोस्नियातल्या सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेली ती गोळी 28 जून 1914 ची. सीताबर्डीतल्या दुकानातलं इतिहासाचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, आधीच्या तारखा सापडतील. वसाहतींच्या शर्यतीत उशिरा उतरलेल्या जर्मनीने 1898 पासून आरमार वाढवलं, ब्रिटनने 1906 मध्ये ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची बलाढ्य युद्धनौका पाण्यात उतरवली. मोरोक्कोवरून 1905 आणि 1911 मध्ये फ्रान्स-जर्मनीचं जुंपता जुंपता राहिलं. बाल्कनमधली (आग्नेय युरोपातली) रशिया-ऑस्ट्रियाची चढाओढ वेगळीच.

आता 'वसाहतींच्या भांडणांमुळे युद्ध अटळच होतं' हे दुसरं टोकही गाठू नका बरं! 1898 मध्ये सुदानमधल्या फशोदाला ब्रिटन-फ्रान्स वसाहतींवरूनच भिडणार होते. 1904 मध्ये त्यांनीच इजिप्तमध्ये ब्रिटनला आणि मोरोक्कोत फ्रान्सला मोकळीक देऊन भांडण मिटवलं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.