गेट रब्बी देत नाहीत, नवरा देतो

ज्यू घटस्फोटाबद्दल एक फॉरवर्ड सध्या बराच फिरतोय. त्यात म्हटलंय : घटस्फोट रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, देतात, तेव्हा नवरा अडून बसला तर रब्बींनी सही करून टाकावी, बायकोही नकार देऊ शकते, म्हणजे नियम दोघांना सारखाच, इस्रायलमध्ये अशा नवऱ्याला तुरुंगात टाकतात, प्रश्न मिटतो, आणि आपल्या बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, या भानगडीशी संबंध नाही.

‘रब्बी घटस्फोट देतात.’ सगळा घोळ इथूनच सुरू होतो. गेट, म्हणजे घटस्फोटपत्र, नवराच देतो. बेथ दीन हे तिघांचं धर्मन्यायालय ते विधिवत होतंय का एवढंच पाहतं. लिहिणारा सोफेर कागद, शाई, लेखणी आधी नवऱ्याला देऊन टाकतो, कारण पत्र नवऱ्याच्या मालकीचं असावं लागतं. मग नवरा त्याला लिहायला सांगतो. मजकूर १२ ओळींचा, बहुतांश अरामी, त्या एकाच जोडप्यासाठी हाताने लिहिलेला. दोघांची आणि वडिलांची नावं, टोपणनावं, गाव कुठल्या पाण्याकाठी वसलंय तेही. नाव चुकीचं लिहिलं गेलं तर पत्र बाद ठरू शकतं, म्हणून आधी ‘घरी काय हाक मारतात?’ याचीच उलटतपासणी होते. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की बायको अंगठ्या काढून ओंजळ पुढे करते, नवरा त्यात पत्र टाकतो, ती ते घेऊन चार पावलं चालते. पुढे त्या पत्राला चीर देऊन बेथ दीन ते दप्तरी ठेवतं आणि तिला दाखला देतं. दुसऱ्या लग्नाआधी तिला ९२ दिवस थांबावं लागतं. यात रब्बींनी नवऱ्याऐवजी सही करावी अशी जागाच नाही, आणि दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याने गेट मिळत नाही.

‘दोघांना सारखाच.’ सुमारे हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम या युरोपातल्या धर्मपंडिताने बायकोच्या संमतीशिवाय गेट देण्यावर बंदी घातली, इतकंच खरं. पण नकाराचा परिणाम पाहा. गेटशिवाय तिला दुसऱ्या ज्यू पुरुषापासून मूल झालं तर ते ममझेर ठरतं. त्याला बहुतेक ज्यूंशी लग्न करता येत नाही, त्याच्या मुलांनाही नाही. नवऱ्याला अविवाहित बाईपासून मूल झालं तर ते ममझेर नसतं. शिवाय बायको अडून बसली तर १०० रब्बींच्या संमतीने त्याला दुसऱ्या लग्नाची मुभा मिळू शकते. तिच्यासाठी असली वाट नाही. अशा बांधून पडलेल्या बाईला अगुना म्हणतात.

‘तुरुंगात टाका.’ टाकतातही. इस्रायलच्या १९९५च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयाला वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खातं रोखण्याचे आणि कैदेचे अधिकार दिले. पण कैद त्याआधीही होत असे, आणि तरी एक माणूस ३२ वर्षं कोठडीत राहिला आणि गेट न देता १९९४ साली तिथेच मेला. त्यातही मेख अशी की चुकीच्या मार्गाने, म्हणजे धर्मन्यायालयाच्या निर्णयाविना, धाकाने घेतलेलं गेट मुळातच बाद. मग बाई सुटली असं समजून दुसरं लग्न करते आणि फसते.

बेने इस्रायलींचं म्हणाल, तर १९६२च्या फेब्रुवारीत इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयाने लग्न नोंदवणाऱ्यांना त्यांची वंशावळ तपासायला सांगितलं. एक शंका ही होती : कोकणात पिढ्यान् पिढ्या काडीमोड झाले ते विधिवत गेटने झाले का? १९६४ साली जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, तेव्हा कुठे त्या सूचनेतून समाजाचं नाव वगळलं गेलं. संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

उपयोगी पडतो तो लग्नाआधीचा करार. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स रब्बींच्या मसुद्यात, दोघं वेगळे राहू लागल्यापासून गेट होईपर्यंत नवऱ्याने दररोज १५० डॉलर पोटगी द्यायची असते. ‘गेट दिलं नाही तर दंड’ असं मुद्दामच लिहीत नाहीत, कारण त्या दंडाने मिळालेलं गेट धाकाचं ठरेल. पोटगी ही नवऱ्याची जबाबदारी आधीपासूनच आहे. मात्र नवरा बेपत्ता असेल किंवा त्याच्याकडे वसूल करण्यासारखं काहीच नसेल, तर हा करारही लंगडा पडतो.