चार पिक्सेलची कट्टी

परवा माझ्या बिलातून पाचशे रुपये कापले गेले, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत कट्टी झाली. कारण काय, तर रिकामी जागा.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या साइटवर रोजचे भाव दाखवायचे होते. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशी केळीच्या मालाच्या प्रकारांची चार बटणं, प्रत्येकाची रुंदी २५ टक्के. चार पंचवीस शंभर, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. पण स्क्रीनवर तीन बटणं वर आणि वापसी खाली पडलेली.

चूक माझीच होती. टेम्पलेटमधला, म्हणजे पानाच्या साच्यातला, फॉर लूप (एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापणारा कोड) वाचायला बरा दिसावा म्हणून मी ओळी नीट पाडून आत सरकवल्या होत्या. लूप फिरताना ते एंटर आणि स्पेसही चार वेळा छापतो. ब्राउझर ढीगभर स्पेसची एक करतो, पण ती एक काही सोडत नाही. इनलाइन-ब्लॉक, म्हणजे ओळीत शेजारीशेजारी बसणारं, बटण त्याच्या लेखी ओळीतला शब्दच, आणि शब्दांत जागा हवी. सोळाच्या फॉन्टला ती चारेक पिक्सेल. अशा तीन फटी, म्हणजे शंभर टक्क्यांवर बारा पिक्सेल.

हे फोनवर मिटलं असतं. मी शहाणा गोदामावर गेलो, आणि तिथे अप्पा होते. शेठचे वडील. काट्याशेजारी खाट टाकून, नातवाची स्टीलची पट्टी मोबाइलच्या काचेवर ठेवून बसलेले.

"हाई बीच मा जागा कोनी सोडी?"

"कोणी नाही अप्पा, आपोआप येते."

"आपोआप गवत येस. हाई काय शे?"

"रिकामी जागा."

"रिकामी शे तर दिसस कशी?"

इतकी वर्षं या धंद्यात आहे, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, शब्दांमध्ये जागा असते ना, तसंच. अप्पांनी चष्मा काढला. "बटन काय शब्द शे?" मग हात वर करून बाहेर उभ्या ट्रककडे बोट दाखवलं. "गाडी भरतांना घडस्ना बीच मा बोटभर जागा सोडी तर भाडं कोन दी? तू?"

हमाल हसले. मला जास्त राग याचा आला की माणूस बरोबर बोलत होता.

"फ्लेक्स लावला की जाईल," मी घाईने म्हणालो.

"चौकमा? त्यावर फोटो तुना का मना?"

इथे वाचणाऱ्यांतलेही काही जण म्हणतील, फ्लेक्स लावायचा ना खरंच. माझा फ्लेक्स म्हणजे बॅनर नव्हे; सीएसएसमधली, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाईलमधली, बटणं फटीशिवाय मांडायची सोय. लावला असता. पण सीएसएसची फाईल दुसऱ्याच्या ताब्यात, आणि तो गडी तीन आठवडे फोन उचलत नाही. पैसे मात्र त्याने आगाऊ घेतलेत. असो.

तेव्हा उरला टेम्पलेटच. मे महिना, पत्र्याचं गोदाम, लॅपटॉप प्लास्टिकच्या खुर्चीवर. जिंजामध्ये, म्हणजे टेम्पलेट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ट्रिम ब्लॉक्स आणि एलस्ट्रिप ब्लॉक्स ही जागा छाटणारी दोन्ही सेटिंग चालू केली. लूप सुरू आणि बंद करणाऱ्या टॅगांच्या ओळी गेल्या, पण बटणाच्या ओळीचं इंडेंट (आत सरकवलेली जागा) आणि शेवटचा एंटर तसाच. म्हणजे फट तशीच. मग टॅगला उणे चिन्ह लावलं, तेही लूपच्या बाहेरच्या अंगाला. तिथली जागा एकदाच छापली जाते, तिचा काय त्रास होता! पाऊण तासाने डोक्यात प्रकाश पडला: फॉरच्या टॅगला शेवटी, एंडफॉरला सुरुवातीला, -%} आणि {%-. अप्पा मागे उभे राहून सगळं बघत होते.

"उनं कऱ्यावर जागा जास?"

"जाते."

"मंग भावले नको लावजो."

तेही मी लावून बसलो होतो. खाली "नवतीभाव" असा एकच जोडशब्द झाला होता. तो उणे काढला, आणि चारही बटणं एका ओळीत, खेटून. शेठ खूश. अप्पांनी पट्टी पुन्हा काचेवर ठेवली, बराच वेळ बघितलं.

"वापसी कांदेबागना मांडीवर कसाले बठाडी? थोडी जागा सोड."

मी उत्तर दिलं नाही. पुढे केलेल्या बिलावर अप्पांनी पेनाने "कट्टी ५ ०० " लिहिलं, पाचाच्या आणि शून्यांच्या मध्ये चांगली बोटभर जागा सोडून.