‘बाराव्या जनरेशनचा जुना माल गळ्यात मारला’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला, सकाळी परत वाचला. तुमचं म्हणणं असं: बहिणीला इंटेलच्या बाराव्या जनरेशनच्या प्रोसेसरचा लॅपटॉप, म्हणजे जुना माल दिला, स्पीड ४.४ गिगाहर्ट्झ सांगून १.३० चा निघाला, किमतीच्या कार्डावर आयरिस एक्सई ग्राफिक्स आणि आत यूएचडी ग्राफिक्स, लॅपटॉप तापतो, मागूनही विंडोज १० टाकून दिलं नाही. शेवटी ‘जळगावला घेऊच नका, पुण्याहून मागवा’.

आयरिस एक्सईचं आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. बहिणीच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर आय-५ १२३५यू. त्यात ग्राफिक्सचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा, भाग एकच, ८० युनिटचा. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो लॅपटॉपच्या रॅममधूनच घेतो. रॅम दोन चॅनलवर चालत असेल तर ड्रायव्हर त्याचं नाव आयरिस एक्सई दाखवतो. एकच स्टिक असेल तर त्याच चिपला यूएचडी म्हणतो, आणि ग्राफिक्सच्या कामात स्पीडही कमी मिळतो. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच स्टिक आहे, दुसरा स्लॉट रिकामा. किमतीच्या कार्डावर आयरिस एक्सई मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि खाली ‘दुसरी रॅम टाकल्यावर’ एवढे शब्द लिहायचा कंटाळा केला. ते कार्ड आज बदललं. दुसरी ८ जीबीची स्टिक माझ्याकडून, पैसे नाहीत.

पण १.३० वरून ‘फसवणूक’ म्हणालात, ते मान्य नाही. तो आकडा बेस स्पीडचा, १५ वॉटमध्ये चालतानाचा. ४.४ हा टर्बो, म्हणजे गरज पडली की थोडा वेळ मारलेली धाव. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा आणि एखादी जड एक्सेल फाइल उघडा. ‘बेस स्पीड’ १.३० वरच राहील, पण त्याच्या शेजारचा ‘स्पीड’ सरकन वर जाईल आणि फाइल उघडली की खाली येईल. तुम्ही फोटो पाठवलाय तो ‘बेस स्पीड’च्या आकड्याचा आहे.

जुना माल म्हणाल तर बारावी जनरेशन लॅपटॉपमध्ये २०२२ ला आली. त्याआधीच्या आय-५ ११३५जी७ मध्ये कोर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले प्रत्यक्ष काम करणारे भाग, चार आणि सगळे एकसारखे. बाराव्यात इंटेलने दोन जातीचे कोर एकत्र बसवले. १२३५यू मध्ये दोन मोठे, आठ लहान. केळीच्या ट्रकवर कसं, जड घड खांद्यावर घेणारे दोघंच तगडे, बाकी आठ जण हातोहात माल पुढे सरकवतात. मोठा कोर एका वेळी कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, चालवतो, लहान एकच, म्हणून कोर दहा आणि थ्रेड बारा. यानंतरच्या तेराव्या जनरेशनचा १३३५यू बघा: तिथेही दोन अधिक आठच, टर्बो ४.४ चा ४.६ झाला. तेवढ्यासाठी तुमच्या वडिलांना जास्त पैसे घालायला लावले असते, तर तो रिव्ह्यू मात्र मी मुकाट्याने ऐकून घेतला असता.

तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपशी तुलना केलीत. तोही आय-५ बारावाच, पण तुम्हीच लिहिलंय की तो १२४५०एच आहे. सगळी गंमत त्या शेवटच्या अक्षरात आहे: बहिणीचा यू, तुमचा एच. तुमच्या एचमध्ये कोर आठच, पण मोठे चार, आणि बेस १५ नाही तर ४५ वॉट. तो पळणारच. वजन आणि बॅटरीत त्याची किंमत मोजावी लागते. तुमची बहीण अमळनेरहून रेल्वेने अप-डाऊन करते. काउंटरवर तिने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: सॅक हलकी राहिली पाहिजे आणि कॉलेजात चार्जिंगला पिन मिळत नाही. म्हणून यू दिला. उद्या तुम्ही स्वतः रेंडरिंगसाठी आलात तर यू दाखवणारही नाही.

तापण्याबद्दल तुमच्या वडिलांचा फोन आला होता, ‘भाऊ, हाऊ भलता तापस.’ मी व्हिडिओ मागवला. लॅपटॉप गोधडीवर, खालची जाळी पूर्ण झाकलेली, बाहेर मे महिन्याचं ४४ अंश. ही चिप टर्बोत ५५ वॉटपर्यंत जाऊ शकते, पातळ लॅपटॉपचा एवढासा पंखा ती उष्णता फार वेळ झेलत नाही. मग चिप स्वतःच स्पीड कमी करते. जळत नाही, मंदावते. खाली एक पाट ठेवा, साधा लाकडी. कूलरच्या अगदी तोंडाशी नको, तिथे ओल असते.

विंडोज १० मुद्दाम टाकलं नाही. कुठलं काम कुठल्या कोरकडे द्यायचं, याचा इशारा ही चिप विंडोजला देते, आणि तो ११ ला नीट कळतो. शिवाय १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. बहीण कॉलेजला येईल त्या दिवशी लॅपटॉप घेऊन गोलाणी मार्केटमध्ये दुकानावर येऊ द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. रॅम टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बदललेलं नाव तिच्यासमोर दाखवतो. बिल आणायची गरज नाही, चार्जर मात्र सोबत आणायला सांगा.