‘एका फाइलीला दोन तास’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा, आणि खाली लिहिलंय, "पेन ड्राइव्हवर एक फाइल टाकायला दोन तास. घरी गेल्यावर सेव्ह केलेलं सगळं गायब. काउंटरवरचा माणूस नुसते प्रश्न विचारतो." तुम्हाला ताटकळत बसावं लागलं आणि पुन्हा घरी मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. काउंटरवरचा माणूस मीच.

बाकीचं सोडून देतो, पण "एक फाइल टाकायला" हे मनाला लागलं. तुम्ही टाकून घेतलीत ती टेल्स म्हणजे विंडोजसारखीच, पण पेन ड्राइव्हवरून चालणारी आणि गोपनीयतेसाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम. ती नुसती कॉपी-पेस्ट करायची वस्तू नाही. तिच्या इमेजची फाइल (फोटो नव्हे, अख्खी सिस्टीम भरलेली एकच मोठी फाइल) तशीच पेन ड्राइव्हवर टाकली तर ती तिथे दिसेल, पण तिच्यावरून लॅपटॉप सुरू होणार नाही. ती रुफससारख्या प्रोग्रॅमनेच लिहावी लागते, आणि लिहिताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणून मी विचारलं होतं की यात काही ठेवण्यासारखं आहे का. तुम्ही म्हणालात, काही नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा फोटो निघाले. ते आधी तुमच्या लॅपटॉपवर उतरवले, त्यात वेळ गेला. फोटो पुसले गेले असते तर आज अभिप्रायात काय वाचावं लागलं असतं, याची कल्पनाही करवत नाही. (त्याआधी तुम्ही काढलेला पेन ड्राइव्ह 4 जीबीचा होता. किमान 8 जीबीचा लागतो.)

दुसरं म्हणजे, दुकानातल्या संगणकावरून काम लवकर उरकलं असतं. "माझ्याच लॅपटॉपवरून करा" ही अट तुमची होती. अट रास्तच आहे. ज्याला गोपनीयता हवी त्याने परक्या मशीनवर विश्वास का ठेवावा? पण मग दीड-दोन जीबीची इमेज तुमच्या लॅपटॉपवर नव्याने उतरवावी लागली आणि त्याच वेळी तुमच्या विंडोजचं अपडेट चालू होतं. ते थांबवू का, असं मी विचारलं. तुम्ही नको म्हणालात. हाही माझा एक प्रश्नच.

इमेज उतरल्यावर ती अस्सल आहे का, हे मी तपासलं. तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघत होतात, ते मला दिसलं होतं. पण ही पायरी आम्ही कुणासाठीही गाळत नाही. इमेजमध्ये कुणी फेरफार केलेला असेल तर पुढचं टॉर (ओळख लपवून इंटरनेट वापरायची सोय), एन्क्रिप्शन (फाइलींना सांकेतिक कुलूप) सगळं व्यर्थ. शेवटी तुमच्या लॅपटॉपची बूटची कळ शोधून (लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायला दाबायची ती, प्रत्येक कंपनीची वेगळी असते) टेल्स सुरू होतंय हे तुम्हाला दाखवलं. चालतंय का हे न बघता गिऱ्हाइकाला घरी पाठवायची आमची पद्धत नाही.

आता गायब झालेल्या फाइलींबद्दल. टेल्स मुद्दामच विसरतं. ते लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीत (रॅममध्ये) चालतं, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर आपणहून काही लिहीत नाही आणि बंद केलं की त्या वेळचं काम पुसून जातं. काही टिकवायचं असेल तर पेन ड्राइव्हवरच पर्सिस्टंट स्टोरेज नावाचा एन्क्रिप्ट केलेला भाग करावा लागतो. तो आपण केला. त्याची पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) तुम्हीच टाकलीत, मी तेव्हा पाठ फिरवून उभा होतो. पण हा भाग आपोआप उघडत नाही. दर वेळी सुरुवातीच्या पडद्यावर पासफ्रेज टाकून उघडावा लागतो, आणि फाइल ‘पर्सिस्टंट’ फोल्डरमध्येच ठेवावी लागते. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही फोनवर होतात. त्या फाइली परत मिळणार नाहीत, वाईट वाटतं. पर्सिस्टंट स्टोरेज मात्र शाबूत असणार. फक्त एक करा: तो पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये लावलात आणि "फॉरमॅट करायचं का" असं आलं, तर हो म्हणू नका. आणि पासफ्रेज विसरू नका, ती आमच्याकडे नाही आणि दुसरं कुणीही ती काढून देऊ शकत नाही.

फोटो कसले होते, टेल्स कशासाठी हवं होतं, हे मी विचारलं नाही आणि इथे लिहिणारही नाही. तेवढे प्रश्न मी विचारत नाही, साहेब.

यापुढे किती वेळ लागेल ते आधी सांगायचा प्रयत्न करू, छापील सूचना द्यायचंही डोक्यात आहे, बघू. दुकान लहान आहे, लोक तारे बघूनच येतात. लॅपटॉप घेऊन कधीही या, पुन्हा दाखवतो, पैसे नकोत. आणि पटलं तर त्या ‘एक फाइल’वाल्या ओळीचं काही करता आलं तर बघा.